पडवीतला पलंग

रखमाकाकीला खुर्चीवर बसलेली मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. घरात सहा खुर्च्या होत्या, बळवंतकाकांनी हौसेने करून घेतलेल्या, सागाच्या. त्यांच्यावर काकी मिरच्या वाळत घालायची, नाहीतर धुतलेली गोणपाटं टाकायची. तलाठी येवो, सोसायटीचा चेअरमन येवो, ती त्याला खुर्ची झटकून द्यायची आणि स्वतः समोर जमिनीवर एक पाय मुडपून, एक गुडघा उभा धरून बसायची. वर मान करून असं काही बोलायची की खुर्चीवरचा माणूसच अवघडून पुढे सरकायचा.

हे आधी सांगतो, कारण पुढे जे झालं ते सगळं ह्या बसण्यावरून झालं. मी नामदेव, वायरमन. माहीमच्या नाक्यावर माझं दुकान आहे. माहीम म्हणजे मुंबईचं नव्हे, पालघरहून केळव्याकडे जाताना लागतं ते. हे मला दर वेळी सांगावं लागतं आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. माझी आई काकीच्या वाडीत पानं खुडायला जायची. मी रांगत होतो तेव्हा मला त्यांच्या मागच्या पडवीत गोणपाटावर टाकून ती पानमळ्यात जायची, आणि काकी पानं निवडता निवडता एका पायाने मला थोपटायची. म्हणून काकीने एखादं काम सांगितलं की मला नाही म्हणता येत नसे. एरवी मी गिऱ्हाइकांना सरळ तोंडावर नाही म्हणतो. गावात माझी तीच ख्याती आहे.

काकी शिरगावची. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आली ती थेट पानमळ्यात उतरली. विड्याच्या पानांची वेल म्हणजे तान्ह्या मुलापेक्षा नाजूक प्रकार, ऊन चालत नाही, वारा चालत नाही. बळवंतकाका तारापूरला कारखान्यात टाइमकीपर होते, सकाळी सातला घर सोडायचे. वाडी काकीचीच. वेली बांधायच्या, पाणी द्यायचं, पानं खुडायची आणि मग पडवीत बसून निवडायची. मोठं पान वेगळं, कोवळं वेगळं, टोचलेलं वेगळं. शंभराची जुडी बांधताना ती खाली बघायचीसुद्धा नाही. तोंडाने कोणाला तरी झाडत असायची आणि बोटं बरोबर शंभरावर थांबायची. मी लहानपणी दोनदा मोजून पाहिलं होतं. दोन्ही वेळा शंभर. तिसऱ्यांदा मोजायला घेतली तर पाठीत धपाटा बसला.

काका सहा वर्षांपूर्वी गेले. मळा आटत आटत सात ओळींवर आला, पण काकीने तो सोडला नाही. चौऱ्याहत्तर वय. एकटी राहायची. आमच्याकडे घरं वाड्यांमध्ये असतात, एक घर इथे, दुसरं चार वाड्या ओलांडून. हाक मारली तर माड ऐकतात, माणूस नाही.

एकुलता एक मुलगा केदार. तो बोईसरला राहतो, वीस किलोमीटरवर. तारापूर एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. बायको मेघाली कोळगावला जिल्हा मुख्यालयात नोकरीला. केदार वाईट मुलगा नाही, हे मी आजही म्हणतो. पण त्याच्या कंपनीत तीन वर्षांपूर्वी एक अपघात झाला. रिअॅक्टरवरचा अलार्म सारखा उगाच वाजतो म्हणून शिफ्टमधल्या कोणीतरी तो बंद करून ठेवला होता, आणि ज्या दिवशी खरंच गरज होती त्या दिवशी हर्षित नावाचा चोवीस वर्षांचा ऑपरेटर आत होता. केदारला त्याचं प्रेत ओळखायला जावं लागलं. तेव्हापासून त्याने अलार्मचा ध्यास घेतला. जेवताना बोलायचा तेही अलार्मवर.

मग एका श्रावणात काकी तापाने दोन दिवस पडून राहिली आणि तिने कोणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी केदार आला तर घरात चूल नाही, पाणी नाही. त्याने तिथेच ठरवलं की आईने बोईसरला यायचं. काकी म्हणाली, "सहाव्या माळ्यावर मी काय करू? कबुतरं हाकू?" आठ दिवस मायलेकरांचं वाजलं. शेवटी तह झाला. काकी वाडीतच राहणार, पण घरात यंत्रं बसणार, आणि ती चालू राहतील तोवरच. बंद पडली तर बोईसर.

यंत्रं बसवली मी. प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यात वर एक पांढरी डबी. कॅमेरा नाही, पण माणूस कुठे आहे, उभा आहे, आडवा आहे, सगळं तिला कळायचं. घर त्याप्रमाणे वागायचं. काकी उठली की दिवा लागायचा, गरम व्हायला लागलं की पंखा वाढायचा. पलंगावर आडवी झाली की दिवा मंद, पंखा हळू आणि दारावरची बेल बंद, दुपारी येणाऱ्या विक्रेत्यांनी झोप मोडू नये म्हणून. केदारने पलंगाची जागा स्वतः मापून ॲपमध्ये भरली होती. आणि माणूस जमिनीवर आडवा दिसला तर डबी आधी विचारणार, "क्या आप ठीक हैं?" उत्तर नाही आलं तर फोन केदारला, मग मेघालीला, मग मला, आणि कोणीच उचलला नाही तर रुग्णवाहिकेला. मला खरं तर कौतुक वाटलं होतं. म्हटलं, आमच्या बायकोलासुद्धा एवढं कळत नाही की मला गरम होतंय.

गळ्यात घालायला एक बटणही होतं. काकीने ते हातात धरून पाहिलं. "मंगळसूत्र काढलं तिथे आता हे बांधू?" असं म्हणून तिने ते काकांच्या फोटोच्या खिळ्याला अडकवलं. केदारला डब्यांवर भरवसा होता.

पहिला फोन दुसऱ्याच दिवशी आला. मी शिडीवर होतो, तसाच उतरून स्कूटर पिटाळली. जीव मुठीत धरून पडवीत शिरलो तर काकी जेवण करून, हाताची उशी करून गार फरशीवर पडली होती. दुपारी ती नेहमीच तशी पडायची. मला बघून म्हणाली, "काय रे, जेवायला आलास?" दुसऱ्या वेळी ती पानं निवडत पुढे वाकली होती. तिसऱ्या वेळी पलंगाखाली गेलेली चुन्याची डबी काढत होती. डबी आधी विचारायची हे खरं, आणि सुरुवातीला काकी तिला नीट उत्तरं द्यायची, "बरी हाय, तू कशी?" वगैरे. मग दिवसातून चारपाच वेळा तेच ऐकून ती चिडली आणि बोलेनाशी झाली. तीन आठवड्यांत मी अकरा वेळा धावलो. केदारला कारखान्याच्या आत फोन नेता येत नाही, मेघाली मीटिंगमध्ये, म्हणजे बसवणाराही मी आणि धावणाराही मीच.

मी डब्यांच्या कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. एक मुलगी फार गोड आवाजात म्हणाली की जमिनीवर एवढा वेळ असणं नॉर्मल नाही, पेशंटला खुर्ची वापरायला सांगा. पेशंट! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "बाई, तुझी आजी कशावर बसायची?" ती म्हणाली, "सर, तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे."

मग आली पित्रं. काकांची तिथी होती. केदारच्या कंपनीत नेमकं शटडाउनचं, म्हणजे कारखाना थांबवून दुरुस्तीचं काम, तो संध्याकाळी येणार होता. पान ठेवायला काकांचा पुतण्या भगवंत होता. कावळा शिवला, आणि पडवीत पंगत बसली. चौदा माणसं, मीसुद्धा त्यात. वालाचं बिरडं, वडे, खीर. माझा फोन दुकानात चार्जिंगला. डबी वरून काही विचारत असेल तर त्या गलक्यात कोणाला ऐकू येणार? खीर दुसऱ्यांदा फिरत होती तेवढ्यात भोंगा वाजवत रुग्णवाहिका वाडीत शिरली. चार माणसं स्ट्रेचर घेऊन पडवीत, आणि आम्ही चौदा जण पानावर, हातात घास.

भगवंत मोठ्याने म्हणाला, "रखमाकाकी, तुझ्या घराला जेवणारी माणसं मेलेली दिसतात वाटतं." पित्रांच्या दिवशी असं बोलला तो. सगळे हसले. काकी हसली नाही. तिने त्या चौघांना हात धुवायला लावून पानावर बसवलं, वाढलं, आणि आत गेली. माणसं पांगेपर्यंत बाहेर आली नाही.

संध्याकाळी केदार आला तो भडकलेलाच. नुकताच शिफ्टवरून, त्यात कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये निरोप गेला होता की ऑफिसरची आई गेली. तो म्हणाला, "आई, ह्यापुढे खाली बसायचं नाही. खुर्ची आहे, टेबल आहे. एक जरी खोटा अलार्म आला तरी मी तुला घेऊन जाणार. माझ्याच्याने हे रोज मरणं होत नाही." शेवटचं वाक्य बोलताना त्याचा आवाज फुटला. काकीने बघितलं त्याच्याकडे आणि मान डोलावली. वाडी सोडायची नसेल तर दुसरं करणार काय?

दहाबारा दिवसांनी मी मीटर बघायच्या निमित्ताने गेलो. काकी टेबलापाशी खुर्चीत बसून पानं निवडत होती. पाय जमिनीला पुरते टेकत नव्हते, सुजून भरले होते. मी बसून राहिलो. तिने जुडी बांधली, पुन्हा सोडली, एक एक पान मोजायला लागली. ओठ हलत होते मोजताना. मला बघवेना. स्वयंपाकघरात गेलो तर ताट ओट्यावर. ती उभ्याने जेवत होती, कारण खुर्चीत घास उतरत नाही म्हणे.

"नामदेवा," ती म्हणाली, "ह्याचा डोळा पडवीपुरता झाकता येल का रे? बाकीच्या घरात बघू दे काय बघायचं ते. मला माझ्याच जमिनीवर बसायची चोरी झाली."

मी म्हटलं, बंद केला तर केदारला लगेच कळतं. ती म्हणाली, "मग बंद नको करू. काय तरी दुसरं कर. तुला येतं सगळं."

येत होतं, हेच वाईट झालं. पलंगावर आडवा माणूस डब्या पडलेला धरत नाहीत, हे मला ठाऊक होतं. बसवताना दिलेलं लॉगिन माझ्या फोनमध्ये होतंच. मी पडवीच्या नकाशावर बोटाने एक चौकोन ओढला, भिंतीपासून पायरीपर्यंत, आणि खाली नाव निवडलं, पलंग. झालं. घराच्या लेखी पडवीत एक मोठा पलंग आला. काकी कधी बसो, लवंडो, घर म्हणणार की बाई पलंगावर आहे. बेल बंद होईल हेही मला माहीत होतं. मनात म्हटलं, झाली तर झाली, मासेवाली काय हाक मारत नाही?

काकी लगेच खाली बसली. गुडघा उभा धरला, गोणपाट ओढून घेतलं. दोन मिनिटं गेली, चार गेली. डबी गप्प. तिने माझ्याकडे बघून एवढंच म्हटलं, "आईला सांग हां, रखमाकाकीने बरं केलं तुझ्या पोराला थोपटून." माझी आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. काकीला ते माहीत होतं. घरी जाताना मी स्कूटरवर गात होतो.

पाच महिने सगळं सुरळीत चाललं. एकही फोन नाही. केदार खूश. मला म्हणाला, "बघ दादा, सवय लागली आईला. झोपतेही आता भरपूर." मी हो हो म्हटलं. खोटं बोलायला एवढंच पुरतं.

मार्चमध्ये एका मंगळवारी, साडेनऊच्या सुमारास, ओल्या गोणपाटावरून काकीचा पाय सरकला आणि ती मागच्या पडवीतच आदळली. उजवा खुबा मोडला. तिला हलता येईना. घराने पाहिलं की बाई पलंगावर आडवी झाली. त्याने दिवा मंद केला. पंखा हळू केला. बेल बंद केली.

तिचा फोन आत फ्रिजवर होता. बटण खिळ्याला. डबीला हाक मारायची तर तिचं ते इंग्रजी नाव घ्यावं लागायचं, ते काकीने आयुष्यात कधी घेतलं नव्हतं आणि कळवळताना ते आठवणार कुठून? दहाच्या पुढे सातपाटीची मासेवाली पुढच्या दाराला आली. पूर्वी ती हाक मारायची, पण केदारने बेल बसवल्यापासून काकीनेच तिला सांगितलं होतं की घसा कशाला फोडते, बटण दाब. तिने दोनदा दाबलं. आत आवाजच नाही. काकी म्हणते, मला तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या, मी ओरडत होते, पण पंखा आणि माड, कोणाला जाणार आवाज. मासेवालीला वाटलं बाई पालघरला गेली असेल. ती पुढच्या वाडीत गेली. चारला परत जाताना एवढे बोंबील उरलेत तर मागच्या दाराला ठेवून जावं म्हणून ती मागून आली, तेव्हा तिला काकी दिसली. साडेसहा तास झाले होते. मुंग्या लागल्या होत्या अंगाला.

मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा केदार बाहेरच्या बाकावर फोन घेऊन बसला होता. त्याने स्क्रीन माझ्यापुढे धरली. "नामदेवदादा, आईच्या पडवीत पलंग कधी आणला?"

मी म्हटलं, "नाही आणला."

"मग हा कोणी काढला?"

"मी."

मला वाटलं कानाखाली बसेल. बसली असती तर बरं झालं असतं. तो फोनकडेच बघत राहिला. म्हणाला, "दीड वाजता जेवणाच्या सुट्टीत मी उघडून पाहिलं. 'आराम करत आहेत' असं लिहिलं होतं. मला बरं वाटलं, दादा. मी मेघालीला मेसेज केला, की आई आज निवांत झोपली आहे."

माझ्या तोंडून निघालं ते भलतंच. मी म्हटलं, "अकरा वेळा मी धावलो, केदार. तू एकदा येऊन बघायचं होतंस की तुझी आई कशी बसते. सांगायचं होतंस त्या कंपनीला." म्हटलं आणि लगेच लाज वाटली. खरं होतं, पण ते बोलायची ही वेळ नव्हती, आणि बोलायचा अधिकार माझा नव्हता. तो हळू म्हणाला, "अलार्म सारखा वाजतो म्हणून बंद केला, असंच लिहून दिलं होतं हर्षितच्या वेळी त्या माणसाने." मी उठून जिन्यात जाऊन उभा राहिलो.

आत काकीने त्याला सांगितलं म्हणे, की नामदेवाला काही बोलू नको, मीच करायला लावलं. मला आजवर तो त्याबद्दल एक शब्द बोललेला नाही. समोर आला की मान हलवतो आणि जातो.

खुबा बदलला. डॉक्टरने सांगितलं, मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, जमिनीवर तर ह्या जन्मात नाही. खाली बसलात तर नवा सांधा निखळेल. काकीला बोईसरला नेलं. पानमळ्याला पाणी द्यायला कोणी नाही, आठवड्यात वेली माना टाकून बसल्या. भगवंतने मांडव उतरवला.

मला जायचं धाडस व्हायला अडीच महिने लागले. दुपारचा गेलो, केदार-मेघाली कामावर. दार सपनाने उघडलं. विक्रमगडकडची मुलगी, काकीला सांभाळायला ठेवलेली. काकी खोलीत पलंगावर, दोन्ही बाजूंना कठडे, पाठीला तीन उशा. छताच्या कोपऱ्यात नवीन डबी, जुन्यापेक्षा मोठी. ती दुसऱ्याने बसवली होती. वायर भिंतीवरून लोंबत होती, धड क्लिपसुद्धा मारली नव्हती. मी तेच बघत बसलो, काकीकडे बघायला लागू नये म्हणून.

तिने वाडीचं विचारलं नाही. माझ्या पोरीचं विचारलं, जावयाचं विचारलं. आवाज तोच, पण जोर नाही. मग सपना चहा टाकायला आत गेली तशी ती पुढे सरकली.

"नामदेवा, मला खाली बसव. पाच मिनिटं. ती यायच्या आत परत वर घे."

मी म्हटलं, "काकी, डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टर काय बोलला ते मला म्हाईत हाय. तुला मी विचारलं का?"

"निखळेल, काकी."

"निखळू दे. माझा हाय."

तिने हात पुढे केला. पानांच्या चिकाने काळी पडलेली बोटं होती ती, आता धुऊन धुऊन पांढरी झालेली. उचलायला किती वेळ लागला असता? वजन तरी काय राहिलं होतं तिच्यात. खाली पांढरी गुळगुळीत फरशी होती. एका हाताने कठडा उतरवायचा, दुसऱ्या हाताने पाठ धरायची, मला येत होतं. पण मी एकदा ऐकलं होतं तिचं. आणि केदारचं ते वाक्य माझ्या कानात होतं, आई आज निवांत झोपली आहे. माझे हात मांडीवरून उचलले गेले नाहीत. मी भ्यालो. केदारला भ्यालो, डबीला भ्यालो, तिच्या त्या हाडाला भ्यालो.

काकीने हात तसाच धरून ठेवला, बराच वेळ. मग तो चादरीवर ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"सपना," ती आत ओरडून म्हणाली, "वायरमन आलाय डबी बघायला. त्याला चहा दे आणि दार लावून घे."

सपनाने चहा आणून दिला. मी खुर्चीत बसून तो प्यायलो, कप ठेवला आणि निघालो.